मागचं चाक

सोमवारी त्र्यंबकराव मोटारसायकल पुसत असताना पत्र आलं : परवान्याचं नूतनीकरण हवं असेल तर उद्या कान तपासायला या. परवाना गेला, तर घाटापलीकडे एकट्या राहणाऱ्या बहिणीकडे जाणंच संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कानांतली यंत्रं पाहून परवाना कार्यालयातले साहेब हसले. "आजोबा, मागून वाजलेला हॉर्न तुम्हाला काय कळणार?"

"साहेब, आज सकाळी तुमच्या गाडीमागे मीच होतो. चारदा हॉर्न दिला. तुमच्या काचा बंद, आत गाणी जोरात."

"कशाला देत होता?"

"तुमचं मागचं चाक बसत चाललं होतं. मला दिसलं, पण तुम्हाला ऐकू आलं नाही."

साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी एका अंगाला कलली होती. त्यांनी अर्जावर मंजुरीचा शिक्का मारला आणि ते जिन्याकडे धावले.

कानांची तपासणी राहूनच गेली.