गोड वासाचे डबके

एका कातळाच्या माळावर एक बेडकी राहत असे. पावसाळा सरत आला होता, डबकी आटत चालली होती आणि हिच्या पोटात अजून अंडी! चार दिवस बिचारी पाण्यासाठी वणवण करत होती. मागचे पाय तर उचलता उचलत नव्हते. गेल्या वर्षी तिची सगळी अंडी एका उथळ खळग्यात वाळून गेली होती. 'यंदा एक जरी पोर जगलं तरी पुष्कळ,' एवढेच तिच्या मनात होते.

शेवटी तिला एक ऐसपैस डबके दिसले. हेच ते, जिथे ती लहानाची मोठी झाली होती! पाण्यात तिच्याच जातीचे शेकडो बेडूकमासे शेवाळ खात होते. "अगं बाई, ही तर आपलीच पोरं!" ती म्हणाली. "माझ्या लेकरांना सोबत झाली."

काठावरच्या खेकड्याने डोळे वर केले. "बाई, इथे नको. पलीकडच्या खळग्यात जा. लहान आहे, पण रिकामा आहे."

"पुन्हा खळगा? नको रे बाबा! आणि आता एक उडी मारायचंही त्राण नाही," असे म्हणून तिने तिथेच अंडी घालायला घेतली.

अर्धी अंडी घालून होतात तोच त्यांचा वास पाण्यात पसरला. सारे बेडूकमासे शेवाळ सोडून वळले आणि अंड्यांवर तुटून पडले. "अरे मेल्यांनो, तुमचीच भावंडं आहेत ती!" बेडकी ओरडली. एक जण भरल्या तोंडाने म्हणाला, "आम्हाला काय ठाऊक, मावशी? वास फार गोड येतो."

तो वास! बेडकीला तो चांगलाच ओळखीचा होता. लहानपणी याच डबक्यात तीही त्या वासामागे धावली होती, पोटभर जेवली होती. अंडी कोणाची, हे तिने कधी विचारले नव्हते. आता कोणत्या तोंडाने रागावणार? उरलेली अंडी पोटात घेऊन ती खुरडत खुरडत खळग्याकडे गेली.

मुलांनो, नशिबाने आणखी दोन सरी आल्या आणि खळग्यात इवल्या शेपट्या वळवळू लागल्या. बेडकीला बरे वाटले, पण ती काठावरून हलली नाही. एके दिवशी दुसरी एक थकलेली बेडकी तिथे आली, तेव्हा हीच हळू आवाजात म्हणाली, "बाई, इथे नको. ही माझीच पोरं आहेत."

तात्पर्य : आपलेच म्हणून कोणावर विसंबण्याआधी, त्यांच्या वयात आपण कसे होतो ते आठवून पाहावे.