चौथ्या दिवसाचा धडा

फार पूर्वी, माळाच्या उतारावर वसलेल्या एका गावात एक भाविक शेतकरी राहत असे. वारा आणि पाऊस मिळून त्याच्या शेतातली माती दरसाल ओढ्यात नेत. जवळच्या आश्रमात एक वृद्ध गुरू झाडांच्या सोबतीने शेती कशी करावी, हे चार दिवसांत शिकवीत. शेतकरी तिथे गेला. बी निवडणे, रोप लावणे, आळे करणे तो तीन दिवस मन लावून शिकला. चौथ्या दिवशी गुरूंनी फांद्यांची छाटणी दाखवायला कोयता हाती घेतला, तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले.

"झाडावर शस्त्र? हे पाप माझ्याच्याने व्हायचे नाही," असे म्हणून तो उठून घरी आला.

त्याने बांधावर शिवण, हादगा आणि कडुनिंब लावले. विहिरीचा पहिला घडा झाडांना, दुसरा घरात. माती थांबली. पण सहा वर्षांत फांद्यांनी शेतावर छत धरले आणि सावलीतली ज्वारी फिकट, दाण्यावाचून उभी राहिली.

बायको म्हणाली, "तुमची झाडं देवमाणसं आहेत, पण जेवतात आपल्या ताटातलं. पेरणीच्या आत लाकूडतोड्याला बोलावते. सगळी पाडू."

"सगळी?"

"मग पोरांना पाला वाढू?"

शेतकरी खाली मान घालून गुरूंकडे गेला. गुरूंनी सारे ऐकून घेतले.

"दारात तुळस आहे?"

"आहे, महाराज. रोज पूजा करतो."

"मंजिऱ्या खुडता?"

"खुडाव्याच लागतात, नाहीतर तुळस वाळते. त्याच देवाला वाहतो."

"मग चौथा धडा तुम्हाला येतोच. उगाच सहा वर्षं रुसलात."

शेतकरी ओशाळून हसला आणि तिथेच राहून छाटणी शिकला. छेद आधी खालून द्यावा, म्हणजे साल सोलली जात नाही; शेंडा राखावा. घरी येऊन त्याने झाडांना हात जोडले आणि नाम घेत खालच्या फांद्या उतरवल्या. कोवळा पाला शेळ्यांपुढे गेला, उरलेला मातीत.

त्या हंगामात थेट बांधापर्यंत कणसे भरली. बायकोने पहिले कणीस देवापुढे ठेवले, दुसरे शिवणीच्या बुंध्याशी. "हिला पाडायला निघाले होते मी," ती पुटपुटली.

पुढे आश्रमात कोयता निघाला की कोणी ना कोणी भाविक उठून उभा राही. मागे बसलेला शेतकरी त्याचे उपरणे धरी.

"बसा, पाहुणे. मी असाच उठलो होतो. परत बसायला सहा वर्षं लागली."

तात्पर्य: झाड लावणे ही भक्ती, तशी त्याची निगा शिकणे हीही भक्तीच; विद्या शेवटच्या धड्यापर्यंत घेतली, तरच ती सेवा देवापर्यंत आणि ताटापर्यंत पोहोचते.