चाकांचं घर आणि गोजीची झोप

ऐका. पाय पोटाशी घ्या आणि एकमेकांचं पांघरूण ओढू नका. एकदा काय झालं, एका घराला चाकं लागली.

खरंच लागली, बरं का. चार मोठी बाभळीची चाकं, त्यांवर लोखंडी पट्टीची धाव. घर लहानसंच. आत एक चूल, एक माठ, एक बाज आणि बाजेपाशी खिडकी. पुढं गुळ्या आणि फुटाण्या असे दोन बैल. बैल चालले की घर चालायचं, आणि घर चाललं की खुंट्यांवरची भांडी खणखण वाजायची.

हे घर बांधलं लिंबाजी सुतारानं. हौसेनं नाही बांधलं. त्याच्या लेकीची झोप रस्त्यानं निघून गेली होती. मग घरात बसून ती कशी सापडणार?

पण आधी तिकडची रीत सांगते, नाहीतर तुम्हांला कळायचं नाही. त्या मुलखात एक लांबच लांब रस्ता होता, डोंगरापासून पार खाडीपर्यंत. सुगी संपली, धान्य कणगीत पडलं, की रस्त्याकाठची माणसं अंगण मांडायची. म्हणजे काय करायची? अंगण सारवायची, घोंगडी अंथरायची, आणि घरात जे जे वापराविना पडून आहे ते तिच्यावर मांडायची. काळी पडलेली परात, आखूड झालेलं अंगडं, मुलं मोठी झाली म्हणून कोपऱ्यात पडलेला पांगुळगाडा. येणारा-जाणारा थांबायचा, वस्तू उलटीपालटी करून बघायचा, घासाघीस करायचा. बदल्यात कुणी ज्वारी द्यायचं, कुणी गूळ. पण तेवढ्यानं वस्तू त्याची व्हायची नाही. देणाऱ्यानं ती दोन्ही हातांत धरायची आणि तिची एक खरी गोष्ट सांगायची. 'या परातीत माझ्या लेकाच्या बारशाच्या घुगऱ्या वाटल्या', एवढंसुद्धा चालायचं. घेणाऱ्यानं ऐकायचं, मान डोलवायची. मग वस्तू त्याची. होळी पेटेपर्यंत हे चालायचं, मग अंगणं आवरायची.

वस्तू मुकी दिली तर ती नव्या घरात नीट नांदत नाही, आणि जुन्या घरातलं काहीतरी ओढून नेते, असं म्हातारी माणसं सांगायची. तरुण मंडळी हसायची. लिंबाजीही हसायचा.

मग लिंबाजीची बायको सारजा तापानं गेली. चांगली हसती-खेळती बाई, बघता बघता गेली. लिंबाजीला घरात पाऊल टाकवेना. जिथं बघावं तिथं तिची वस्तू. तेवढ्यात अंगणं मांडायचे दिवस आले, आणि त्यानं तिचं सगळं बाहेर काढलं. तिचा तांब्या. तिची कुंकवाची, आत आरसा बसवलेली फणेरपेटी. तिची ताक घुसळायची रवी. लोक आले, वस्तू त्याच्या हातांत देऊन गोष्ट ऐकायला उभे राहिले. त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"घेऊन जा," तो म्हणाला. "बदल्यात काही नको. नुसतं घेऊन जा."

लोक गोंधळले. पण दुःखातल्या माणसाशी वाद कोण घालणार? घेऊन गेले.

त्या दिवसापासून गोजी झोपली नाही.

गोजी त्याची लेक. एवढीशी, तुमच्याएवढी. अंथरुणावर पडायची आणि टक्क डोळ्यांनी आढ्याकडं बघत राहायची. रडणं नाही, हट्ट नाही. दुधात जायफळ उगाळून झालं, टाळूवर तेल घालून झालं, दृष्ट काढून झाली. पोर वाळत चालली. वैद्यानं नाडी बघितली आणि म्हणाला, "दुखणं काही नाही. पण होळीपर्यंत हिला झोप आली नाही, तर पोर हातची जाईल."

मग लिंबाजीची थोरली बहीण आली, ठकूआक्का. पायावर पाणी घेण्याआधीच तिनं विचारलं, "लिंब्या, वस्तू मुक्या दिल्यास ना?"

लिंबाजी खाली बघत राहिला.

"पोरीची झोप त्यांच्याबरोबर गेली. बसली असेल कुठल्यातरी वस्तूत."

"कुठल्या, आक्का?"

"मला काय विचारतोस? मी दिल्या का? ऊठ, गाडी जुंप."

"आणि गोजीला कुठं ठेवू? हिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही."

"मग घरच घे बरोबर. सुतार ना तू?"

अशी ती बाई, बरं का. मग लिंबाजीनं तासणी उचलली, आणि घराला चाकं लागली.

घर रस्त्याला लागलं. गाव आलं की थांबायचं, अंगणं हिंडायची, विचारायचं. गोजी खिडकीत बसून बघायची. ठकूआक्काला मात्र अंगण दिसलं की राहवायचं नाही. कुठं झाकण नसलेली बरणी घे, कुठं झाकणच घे. घरात पाय ठेवायला जागा उरेना.

"आक्का, आपण झोप शोधायला निघालोय."

"म्हणून लोकांच्या अंगणातून रिकाम्या हातानं जायचं? बरं दिसतं का ते?"

एके दिवशी पानमळ्यातलं एक गाव लागलं. तिथल्या मळेकरणीच्या घोंगडीवर सारजाचा तांब्या होता. काठाला पोचा आलेला, लिंबाजीनं लांबूनच ओळखला.

"तुमचा होय?" मळेकरीण म्हणाली. "न्या बाबा एकदाचा. यातलं पाणी कितीही प्या, तहान भागत नाही. माझ्या धन्यानं विहीर कोरडी केली असती."

लिंबाजीनं तांब्या उचलला, धावत गाडीत नेला, गोजीच्या उशाशी ठेवला. "झोप, बाळ."

गोजीनं तांब्याकडं बघितलं. बापाकडं बघितलं. डोळे तसेच टक्क.

"वस्तू आणलीस," ठकूआक्का म्हणाली. "गोष्ट कुठं आहे?"

मग लिंबाजी परत अंगणात गेला. तांब्या दोन्ही हातांत धरला. किती तरी वेळ तो नुसता उभा राहिला, आणि मळेकरीणही उभी राहिली. घाई केली नाही तिनं.

"सारजाच्या माहेरचा," तो शेवटी म्हणाला. "लग्न होऊन आली, तेव्हा तिनं मला यातून पाणी दिलं. मी तिच्याकडं बघत राहिलो आणि तांब्या हातातून निसटला. हा पोचा तेव्हाचा. ती हसली. तिला हसताना मी बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा."

मळेकरणीनं मान डोलवली. माठातलं पाणी तांब्यात ओतलं, घोटभर प्यायली. "हां," म्हणाली. "आता भागली तहान."

आणि तेवढ्यात खिडकीत काय झालं? गोजीनं जांभई दिली! ही एवढी मोठी, पडजीभ दिसेपर्यंत. ठकूआक्कानं पदर तोंडाला लावला. तुम्ही नका देऊ इतक्यात. बघा, याला आलीच लगेच.

आता गोष्ट सांगून झाली होती, तेव्हा तांब्या मळेकरणीचा झाला. तो तिथंच राहिला. घर पुढं निघालं.

पुढं कासारांचं गाव लागलं. एका अंगणात नवी नवरी रडवेली होऊन बसली होती, आणि तिच्यापुढं फणेरपेटी. ही पेटी लिंबाजीनं स्वतः कोरली होती. त्यानं सगळ्यांत जीव लावून केलेलं काम. झोप असेल तर यातच असेल, अशी त्याची खात्री झाली.

"सुतारदादा, असली कसली पेटी?" नवरी म्हणाली. "कुंकू लावायला आरशात बघावं, तर माझं तोंडच दिसत नाही. अंबाडा दिसतो!"

"सुंदर आहे की अंबाडा," ठकूआक्का म्हणाली. नवरी आणखीच रडवेली झाली.

मग लिंबाजीनं पेटी हातांत घेतली. या वेळी शब्द थोडे लवकर आले. "झाकणावर मला मोर कोरायचा होता. कोंबडी झाली. मी फेकून देणार होतो. सारजा म्हणाली, मोर काय कामाचा? कोंबडी अंडी तरी देईल. मग रोज कुंकू लावताना ती कोंबडीला विचारायची, दिलंस का गं आज? मी कामात असलो की मला चिडवायला मोठ्यानं विचारायची."

बोलता बोलता तो हसला. किती तरी दिवसांनी हसला. नवरीनं आरशात बघितलं, तर तिचंच तोंड, नाकात नथ, डोळ्यांत पाणी. आणि गोजीच्या पापण्या जड झाल्या. मान डुलली. एकदा डुलली, दोनदा डुलली. लिंबाजी श्वास रोखून बघत होता.

डोळे पुन्हा टक्क उघडले.

लिंबाजी चाकाशी मटकन बसला. "जीव ओतून केलेल्या पेटीत नाही, तर मग कशात असेल, आक्का?"

ठकूआक्कानं त्याला हाताला धरून उठवलं आणि बैल हाकायला बसवलं.

गावं मागं पडत गेली. गोजी आता खिडकीत बसेना, आडवी पडून असायची. रस्त्याच्या शेवटी, खाडीच्या तोंडाशी, शेवटचं गाव आलं तेव्हा होळीचा दिवस उजाडला होता. चौकात एरंडाची फांदी रोवलेली. पोरं गोवऱ्या ओढत होती. अंगणं मांडलेली, माणसांची गर्दी, आरडाओरडा, घासाघीस. आणि एका अंगणात एक म्हातारी गवळण डेऱ्यापुढं बसलेली. डेऱ्यात सारजाची रवी.

"लोणीच येत नाही रे बाबा," गवळण म्हणाली. "म्हशी त्याच, दूध तेच, हात तेच. दोरी ओढून ओढून खांदे गेले माझे. आज दिवस मावळला की ही रवी होळीतच टाकणार होते."

लिंबाजीनं गोजीला उचलून आणलं, अंगणात घोंगडीवर बसवलं. मग रवी दोन्ही हातांत धरली आणि तोंड उघडलं.

पण सांगणार काय?

ही रवी त्यानं घडवली नव्हती. कुठून आली तेही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आठवून आठवून बघितलं, आणि त्याला काहीच आठवेना. लोक जमले होते, वाट बघत होते. त्याच्या मनात आलं, एखादी गोष्ट रचून सांगावी. कुणाला कळणार आहे? मग त्यानं गोजीकडं बघितलं. त्या टक्क डोळ्यांपुढं खोटं कसं बोलणार?

"मला या रवीचं काही माहीत नाही," तो म्हणाला.

लोक कुजबुजले.

"सारजा पहाटे घुसळायची. मी तिला घुसळताना कधी बघितलंच नाही. मी झोपलेला असायचो. गोजी माझ्या कुशीत असायची. नुसता आवाज यायचा. घुर्रर्र, घुम. घुर्रर्र, घुम. झोपेत तो ऐकू आला की वाटायचं, सारजा उठली आहे. घर जागं आहे. आपल्याला अजून थोडं झोपायला हरकत नाही. ती जागी होती म्हणून आम्ही दोघं झोपलो. रोज झोपलो. आणि मी तिला एकदाही उठून बघितलं नाही."

म्हाताऱ्या गवळणीनं मान डोलवली, त्याच्या हातातून रवी अलगद घेतली, डेऱ्यात सोडली आणि दोरी ओढली. घुर्रर्र, घुम.

गोजी उठली. लटपटत आली आणि बापाच्या मांडीवर चढून बसली.

"मग?" ती म्हणाली.

"मग लोणी धरायला लागलं की आवाज जड व्हायचा."

"मग?"

"मग ती आत यायची. हात गार असायचे तिचे. तुझ्या गालाला लावायची."

"मग..."

"मग तू चिडायचीस, आणि माझ्या पाठीमागं लपायचीस. आणि ती म्हणायची, माझी गोजी कुठं गेली गं बाई, आत्ता तर इथं होती." लिंबाजी थांबला. डोळे पुसले. 'मग?' येईल म्हणून वाट बघत राहिला.

'मग?' आलंच नाही.

त्यानं खाली बघितलं. भर दुपारी, भर अंगणात, तोंड जरासं उघडं टाकून गोजी झोपली होती.

आणि डेऱ्यात लोणी तरंगत होतं.

मग काय झालं? शेजारच्या अंगणात एक माणूस ओरडत होता, "परात घ्या, परात!" ठकूआक्का तरातरा गेली आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग माणसं कुजबुजून घासाघीस करायला लागली. कुणीतरी गुळ्याच्या आणि फुटाण्याच्या घुंगरांत गवत कोंबलं. संध्याकाळी होळी पेटली. होळीला बोंब मारतात, ठाऊक आहे ना? त्या गावानं त्या वर्षीही मारली. सगळी माणसं, म्हातारी-कोतारी, पोरंटोरं, होळीभोवती गोल उभी राहिली आणि पालथा हात तोंडावर आपटत राहिली. पण आवाज कुणीही काढला नाही.

गोजी दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली, आणि उठल्या उठल्या तिनं भाकरी मागितली. मग घर आल्या वाटेनं परत गेलं. गोजी मोठी झाली, लिंबाजी म्हातारा झाला, आणि ठकूआक्काच्या बरण्यांना हळूहळू झाकणंही मिळाली. सगळी सुखानं राहिली.

संपली गोष्ट. आता डोळे मिटा बघू. मी जागी आहे.