अस्वलाचा रोल आणि माकडाचा कॅमेरा

एका डोंगराळ जंगलात एक अस्वल राहत असे. रोलच्या कॅमेऱ्याने ते सगळ्यांचे फोटो काढी आणि गुहेच्या अंधारात धूत बसे. पुढे तिथे एक माकड डिजिटल कॅमेरा घेऊन आले. बटण दाबले की फोटो हजर! झाले, अस्वलाकडे कोणी फिरकेना. मुलांनो, बिचारे अस्वल पार गोंधळून गेले. रोल सोडायला मन होईना आणि धरून बसावे तर गिऱ्हाईक येईना.

एके दिवशी एक लंगडी हरिणी पाडसाला घेऊन आली. "अस्वलदादा, हे पोर उद्या कळपाबरोबर नदीपलीकडे चालले. माझा पाय हा असा, मला काही जाणे होणार नाही. आम्हा मायलेकरांचा एक फोटो काढा हो."

तेवढ्यात माकड न बोलावता टपकले. "मी आहे ना!" म्हणत त्याने फोटोंचा सपाटाच लावला. पण दर फोटोनंतर पाडस "बघू, बघू!" करत पडद्याकडे धावे. ढीगभर फोटो निघाले, पण एकातही ते आईजवळ धड उभे नव्हते. हरिणी रडकुंडीला आली. "यातला कोणता ठेवू रे मी?"

अस्वलाच्या रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता, म्हणून ते नुसते बसून राहिले. बघायला काही नाही म्हटल्यावर पाडस कंटाळले आणि आईच्या कुशीत डोके खुपसून पडले. तेव्हा कुठे अस्वलाने बटण दाबले. "दाखव की," म्हणत माकडाने सवयीने कॅमेरा हिसकावला आणि मागचे झाकण उघडले. आत ऊन शिरले, सगळा रोल वाया गेला. बघितल्याने फोटो जातो कसा, हे माकडाला कळेचना. अस्वलाला तर रडूच कोसळले.

पण पाडस अजून तसेच पडून होते. अस्वल डोळे पुसत कुजबुजले, "ए शहाण्या, घे तुझा कॅमेरा. एकच काढ, आणि काढल्यावर दाखवू नकोस."

माकडाने जन्मात पहिल्यांदा एकच फोटो काढला. पाडस उठून गेल्यावर हरिणीने तो पाहिला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "हाच! दादा, फोटो तुमचाच हो."

"पण काढला मी!" माकड म्हणाले.

मग जिंकला कोणता कॅमेरा? माकडाने डोके खाजवले, अस्वलानेही खाजवले.

तात्पर्य : कॅमेरा जुना बरा की नवा, याचा घोळ खुशाल घालत बसावे, पण ज्याला थांबता येते, त्यालाच फोटो मिळतो.