बाशिंग्याची बोली

बैलबाजार नुकताच फोनमध्ये भरू लागला होता, तेव्हाची गोष्ट. बळवंतआप्पाने बाशिंग्या बैलाला धुतलं, शिंगांना तेल चोपडलं आणि त्याचा फोटो लिलावात टाकला.

थोड्या वेळाने गोठ्याच्या खुंटीला अडकवलेला फोन टिंग वाजला. बोली लागली होती.

"ऐकलंस? माझा भाव वाढतोय," बाशिंग्या मैन्याला म्हणाला. मैन्या त्याचा जोडीदार, लहानपणापासून एकाच जुवाखालचा.

मग काय, टिंग वाजलं की बाशिंग्या नाचायचा. कडबा उधळला, बादली लवंडली, कोंबड्या घाबरून छपरावर जाऊन बसल्या. त्याला बघून मैन्याही शेपूट उडवू लागला.

"फोटोत मी कुठं उभा आहे रे?" मैन्याने विचारलं.

"तू नाहीस. बाजारात जोडी उभी करतात, फोटोत एकच मावतो," बाशिंग्या तोऱ्यात म्हणाला. "अजून एक टिंग वाजू दे देवा."

देवाने ऐकलं. आप्पा हसत गोठ्यात आला. "सगळ्यांत मोठी बोली तुझी, गड्या."

बाशिंग्या चारी पायांवर उडाला.

सकाळी अंगणात टेम्पो लागला. आप्पाने एकच दावं सोडलं.

फळीवर चढता चढता बाशिंग्या मागे वळला.

"मैन्या, चल की."