बोटभर लिंपण

फार फार पूर्वी, चैत्रातल्या एका भर दुपारी, एका गावातल्या तेल्याचा बैल दोन घरांमधल्या बोळात अडकला. मागे आग होती. पुढे रस्ता होता.

हे घडलं कसं, ते ऐका. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी तर ऐकाच.

बोळाच्या एका बाजूला तेल्याचं घर, दुसऱ्या बाजूला कुंभाराचं. दोघांच्या परसातून रस्त्यावर यायला तेवढी एकच वाट. ती दोघांची होती आणि चांगली रुंद होती. तेल्याने आपल्या बैलाला, पोवळ्याला, खोंड असताना आणलं, तेव्हा तो तिथून उड्या मारत आत गेला होता. पुढे त्याला घाण्याला जुंपलं. घाणा परसात, गोठा परसात, वैरणपाणी तिथेच. पोवळ्या गोल गोल फिरत राहिला. बाहेर यायची त्याला कधी गरजच पडली नाही.

त्या गावात भिंती मातीच्या. दर उन्हाळ्यात त्या शेणामातीने लिंपायच्या. लिंपण खरवडलं तर घराची बरकत जाते, असं सगळे मानत. म्हणून जुना थर कोणी काढत नसे. नवा त्यावरच चढे.

एका उन्हाळ्यात तेल्याने बोळाकडची बाजू जरा सढळ हाताने लिंपली.

कुंभार म्हणाला, “तेलीबुवा, भिंत बाळसं धरायला लागली की तुमची!”

“पाऊस याच बाजूला झोडपतो, दादा. बोटभर माती जास्त लागते.”

“मग माझ्या भिंतीवर काय फुलं पडतात?” असं म्हणून कुंभारानेही दोन बोटं माती चढवली.

तेल्याला ते खुपलं. आपण घेतलं ते बोटभर, याने घेतलं ते दुप्पट, एवढंच त्याच्या मनात राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याने हिशोब चुकता केला. तक्रारी पंचांकडे गेल्या. पंच आले, दोन्ही घरचं पान खाल्लं आणि म्हणाले, “माणूस जातोय ना? मग भांडता कशाला?” आणि उठून गेले. दर वर्षी हेच.

मग ती चैत्रातली दुपार आली. कुंभाराच्या भट्टीतली ठिणगी वाऱ्याने उडाली आणि तेल्याच्या कडब्यावर पडली. तेल्याने पोवळ्याला सोडलं, कासरा धरला आणि बोळात ओढलं. बैलाची मान आली, खांदे आले. पोट अडकलं.

“पहार आणा!” तेली ओरडला.

कुंभार पहार घेऊन धावत आला आणि त्याने तेल्याच्या भिंतीवर ती उगारली. तेल्याने त्याचा हात धरला.

“माझी का? तुझी फोड!”

“बैल कुणाचा?”

“आग कुणाच्या भट्टीची?”

दोघांचंही म्हणणं खरं होतं. धूर मात्र थांबला नाही.

पोवळ्याची मान खाली लोंबली, तेव्हा कुठे तेल्याने पहार हिसकावून आपल्याच भिंतीवर घातली. कुंभारही आपली भिंत ओरबाडू लागला. पहारेची गरजच नव्हती. ती नुसती माती होती, हाताने ओढली तरी थरच्या थर सुटून येत होते. पोवळ्या बाहेर आला, रस्त्यावर क्षणभर उभा राहिला आणि गुडघ्यावर बसला. तो पुन्हा उठला नाही.

त्यानंतर घाण्याच्या जुवाला तेल्याने स्वतःचा खांदा दिला. कधी कधी दुसऱ्या बाजूला कुंभार असे.

सामाईक वाटेतलं बोटभर चोरणारा आधी स्वतःचीच सुटका बंद करतो.

पोवळ्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पंचांनी दोरी लावून तो बोळ मोजला. त्याआधी एकदाही का मोजला नाही, हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.