उरुसातली दोरी

“एवढं तरी सांगा बाबा, या नकाशात चूक कुठं आहे?”

धनाजी शेवाळेने हे चौथ्यांदा विचारलं. विचारलं म्हणजे काय, चूक नाहीच हे त्याला बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

लतीफबाबा दर्ग्याच्या पायरीवर पाय सोडून बसले होते. खाली माळावर उरूस उभा राहत होता. ताशा कडकडत होता, जिलेबीच्या कढया चढल्या होत्या. तीन वर्षांनी! बघूनच अंगावर काटा येत होता.

तीन वर्षांपूर्वी दर्ग्यातल्या कबरीवर गलेफाची चादर आधी कोणी चढवायची यावरून वरवडी आणि खालवडीची डोकी फुटली. उरूस बंद पडला, दोन्ही गावांचं बोलणंही बंद पडलं. यंदा वरवडीच्या धनाजीने दोन्हीकडच्या पंचांचे पाय धरून तो पुन्हा भरवायला घेतला होता. परत काठी उगारली गेली तर उरूस कायमचा बंद, असं ठरलं होतं.

म्हणून धनाजीने माळाच्या मधोमध खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. अलीकडे वरवडी, पलीकडे खालवडी.

“कमानी दोन, पाणपोया दोन, जिलेबीवाले दोन. गलेफसुद्धा दोन वेळांना. माणसाला माणूस धडकणारच नाही, बाबा!”

“वा. आणि पाळणा?”

धनाजी अडखळला. “पाळणा एकच मिळाला. दोरीला लागून ठेवलाय. सकाळी आम्ही, दुपारी ते.”

“तुझी बहीण खालवडीला दिलीय ना?”

“कलाअक्का.” धनाजीचा आवाज एकदम बारीक झाला. “तीन वर्षं राखी नाही, दिवाळी नाही. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. आज येणार आहे म्हणे.”

“कुठल्या कमानीतून?”

“त्यांच्या.”

“आणि तू?”

“मी... आमच्या.”

धनाजी नकाशाकडे बघत राहिला.

बाबांनी तो कागद त्याच्या हातातून घेतला, उतार उतरले आणि पाळण्यापाशी गेले. लाकडी, हाताने फिरवायचा, चार पेट्यांचा पाळणा. सत्तरीचा फकीर लुंगी सावरत खालच्या पेटीत जाऊन बसला!

“फिरव रे दगडू.”

दगडू पाळणेवाल्याला हसू आवरेना. “एकट्यानं कसा फिरंल, बाबा? समोरच्या पेटीत वजन पाहिजे.”

“मी बसतो,” धनाजी पुढे झाला.

“तू नको. तिकडून कोणाला तरी बोलाव.”

दोरीपलीकडे खालवडीची माणसं थबकली होती. घोळक्यात मागे कला उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. शेजारी तिचा सासरा. त्याच्या कपाळावर तीन वर्षांपूर्वीचा वण होता.

“बाबा, भांडण पेटलं तर...”

“मला फिरायचंय,” बाबा म्हणाले.

धनाजीने डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “अक्काऽऽ! पाळण्यात बसतीस का?”

ताशा थांबला. कला सासऱ्याकडे बघत राहिली. सासरा दोरीकडे बघत राहिला...

मग म्हातारा खाकरला. “जा की. भाऊ हाक मारतोय.”

कला धावलीच! दोरीखालून वाकताना पदर खुंटीत अडकला, तिने हिसडा दिला, आणि खुंटीच उपटून आली. दोरी जमिनीवर पडली.

बाबा पेटीतून उतरले. धनाजीचं बखोट धरून त्यांनी त्याला आपल्या जागी बसवलं, दगडूने कलाला समोरच्या पेटीत चढवलं. ताशा पुन्हा सुरू झाला. भाऊ वर, बहीण खाली. बहीण वर, भाऊ खाली. दोघं रडत होती, हसत होती, काय करत होती त्यांनाच ठाऊक.

वरून धनाजीने माळ पाहिला. दोरी लोकांच्या पायाखाली गेली होती. खालवडीची माणसं इकडे शिरली होती, वरवडीची तिकडे. आणि त्या गर्दीत कलाचा सासरा वरवडीच्या सरपंचांवर आदळला होता. दोघं समोरासमोर उभे होते.

पाळणा खाली गेला, परत वर आला.

सरपंच म्हाताऱ्याच्या खांद्यावरची धूळ झटकत होते.

पाळणा थांबला तसा धनाजी खाली उतरला. बाबा समोर उभे होते, नकाशा हातात धरून. त्यावर दोन्ही जिलेबीवाल्यांकडची एकेक गरम जिलेबी होती आणि पाक पार कमानींपर्यंत पसरला होता.

“बाबा, माझा नकाशा...”

बाबांनी कागद त्याच्यापुढे धरला.

“यातली वरवडीची कुठली, ओळख बघू.”